दुखणे मोजणाऱ्या प्रश्नावल्या आणि त्यांची पारख

गुडघ्याचा एक्स-रे काढला की सांध्याची झीज दिसते. तो गुडघा रात्री किती ठणकतो, शौचाला बसून उठताना भिंत धरावी लागते का, बाजाराची पिशवी घेऊन घर गाठता येते का, हे एक्स-रेत उतरत नाही. झीज आणि दुखणे यांचा मेळही पुष्कळदा बसत नाही. सांधा पार झिजलेला आणि माणूस शेतात कामाला, किंवा सांधा जवळपास चांगला आणि माणूस खाटेवर, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण अस्थिरोगतज्ज्ञांना नेहमी भेटतात. दुखण्याची ही दुसरी बाजू फक्त रुग्णच सांगू शकतो. ती ठरावीक प्रश्न आणि ठरावीक पर्याय देऊन विचारायची व उत्तरांची बेरीज आकड्यात मांडायची, यासाठी केलेल्या साधनाला रुग्ण-निवेदित परिणामांची प्रश्नावली म्हणतात. वैद्यकीय वर्तुळात इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘प्रॉम’ म्हणतात. तिची मुख्य अट अशी, की उत्तर रुग्णाचे असावे आणि त्याचा अर्थ मध्ये दुसऱ्या कोणी लावलेला नसावा.

अशा प्रश्नावल्यांचा पसारा गेल्या साडेचार दशकांत वाढला. स्टॅनफर्डचे जेम्स फ्राइज यांची संधिवातासाठीची ‘हॅक’ १९८० मध्ये आली, आणि त्याच वर्षी इंग्लंडात कंबरदुखीसाठी ऑस्वेस्ट्री निर्देशांक आला. कर्करोगासाठी युरोपातील ईओआरटीसी या संस्थेची तीस प्रश्नांची ‘क्यूएलक्यू-सी३०’ (१९९३), त्वचारोगांसाठी कार्डिफची ‘डीएलक्यूआय’ (१९९४), नैराश्यासाठी ‘पीएचक्यू-९’ (२००१) या पुढच्या काळातल्या. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने एप्रिल २००९ पासून खुबा आणि गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियांच्या आधी व नंतर रुग्णांकडून अशी उत्तरे घेणे सुरू केले. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने औषधांच्या चाचण्यांत त्या कशा वापराव्यात याची मार्गदर्शिका काढली. रुग्णाचे म्हणणे नियमित विचारून त्याची दखल घेतली तर त्याचे आयुष्यही वाढू शकते, असे २०१७ मध्ये एथन बाश व सहकाऱ्यांनी दाखवले. न्यूयॉर्कमध्ये, शरीरात पसरलेल्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेणाऱ्या ७६६ रुग्णांपैकी ज्यांनी आपली लक्षणे संगणकावर नोंदवली आणि ज्यांच्या नोंदी परिचारिकांपर्यंत पोचल्या, त्या गटाचा मध्यक जीवनकाळ ३१.२ महिने होता, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटाचा २६ महिने.

रुग्णाच्या सांगण्यावर विसंबण्याला एक जुना आक्षेप आहे आणि तो हलका नाही. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो नेमका मांडला. त्या वेळी आयुर्मान सर्वांत जास्त असलेल्या केरळात लोक आजारपणाच्या तक्रारी जास्त सांगत, मागास बिहारात कमी, आणि अमेरिकेत केरळपेक्षाही जास्त. ज्याला दवाखाना जवळ आहे आणि दुखण्यावर इलाज असतो हे माहीत आहे, तो दुखणे सांगतो. ज्याच्या घरात सगळ्याच म्हाताऱ्यांचे गुडघे गेलेले असतात, त्याला ते दुखणे वाटतच नाही, वय वाटते. सेन यांचा इशारा दोन समाजांची तुलना करणाऱ्याने कायम ध्यानात ठेवावा. तरीही एकाच माणसाचे दुखणे उपचाराने कमी झाले की नाही, हे ठरवताना त्याच्या उत्तराला पर्याय नाही. म्हणून वाद शेवटी रुग्णाला विचारावे की नाही यावर न राहता, कसे विचारावे आणि विचारण्याचे साधन चांगले की वाईट हे कसे ओळखावे, यावर येतो.

या पारखीची सर्वमान्य चौकट अॅमस्टरडॅममधील लिडविन मोकिंक, कॅरोलिन टेरवी, हेन्रिका द वेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातली. ‘कॉस्मिन’ नावाने ती ओळखली जाते. अनेक देशांतील तज्ज्ञांना फेरी-फेरीने प्रश्न विचारून त्यांचे एकमत बांधले गेले आणि २०१० मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याआधी संशोधक एकाच गुणधर्माला तीन नावे देत, किंवा तीन गुणधर्मांना एकच. कॉस्मिनने गुणधर्म तीन मोठ्या गटांत बसवले : विश्वसनीयता, सप्रमाणता (जे मोजायचे तेच मोजले जाणे) आणि बदल टिपण्याची क्षमता. आकड्याचा अर्थ लावता येणे ही चौथी बाब गुणधर्मांत मोडत नसली तरी आवश्यक मानली.

या सगळ्यांत पहिला मान आशय-सप्रमाणतेचा. प्रश्नावलीतले प्रश्न ज्या गोष्टीबद्दल असायला हवेत त्याच गोष्टीबद्दल आहेत का, महत्त्वाचे काही सुटले आहे का, आणि रुग्णाला ते समजतात का, अशा तीन अंगांनी ती पाहिली जाते. येथे सूत्र नाही, गणित नाही, म्हणून संशोधनात याच पायरीवर सर्वाधिक घाई होते. पण पुढचे सगळे आकडे याच पायरीवर उभे असतात.

उदाहरणासाठी वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले शिरपूर जैन घ्यावे. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे गावाचे नाव देशभर गेले. बाकी भोवतालचा परिसर सोयाबीन, तूर, कपाशीचा. तिथे सोयाबीनचे निंदण करणाऱ्या पन्नाशीतल्या बाईचे गुडघे दुखतात असे धरू. तिच्यापुढे गुडघ्याच्या दुखण्याची जगभर चालणारी ‘वूमॅक’ ही प्रश्नावली ठेवली, तर तिच्यात एकूण २४ प्रश्न आहेत : दुखण्याचे ५, ताठरपणाचे २ आणि हालचालींचे १७. हालचालींच्या सतरांपैकी दोन पायमोज्यांबद्दल आहेत, एक घालताना आणि एक काढताना. एक मोटारीत चढण्या-उतरण्याबद्दल आहे आणि एक बाथटबमध्ये जाण्या-येण्याबद्दल. म्हणजे सतरातले चार प्रश्न या बाईच्या आयुष्याला शिवतही नाहीत. ती काहीतरी उत्तर देईल, बहुधा ‘त्रास नाही’ असे, आणि तिचा आकडा आहे त्यापेक्षा बरा दिसेल. याउलट तिचा दिवस ज्यात जातो ते उकिडवे बसून सरीने पुढे सरकणे, चुलीपुढे बसणे, मांडी घालून जेवणे, देवळात खाली बसून पुन्हा उठणे, डोक्यावर भारा घेऊन बांध ओलांडणे, यांपैकी काहीच तिला विचारले जात नाही.

‘वूमॅक’चे प्रश्न पोटात घेऊन १९९८ मध्ये तयार झालेल्या ‘कूस’ या प्रश्नावलीत उकिडवे बसणे आणि गुडघे टेकणे दोन्ही आहे. पण ते धावणे, उड्या मारणे यांच्याबरोबर ‘खेळ व करमणूक’ या विभागात टाकले आहे. विदर्भातल्या शेतमजूर बाईचे उकिडवे बसणे हे तिचे रोजचे काम आहे आणि सकाळचा विधीही आहे. त्याला खेळ म्हणून मोजणारी बेरीज तिच्या दैनंदिन जीवनाचा आकडा म्हणून छापली जात असेल, तर तो आकडा दिशाभूल करतो. ऑस्वेस्ट्री निर्देशांकातही बसण्याच्या विभागात ‘आवडत्या खुर्ची’चा उल्लेख आहे आणि चालण्याचे अंतर मैलात आहे. एसएफ-३६ या प्रसिद्ध सर्वसाधारण प्रश्नावलीत मध्यम श्रमाच्या कामाची उदाहरणे म्हणून व्हॅक्युम क्लीनर ढकलणे आणि गोल्फ खेळणे दिली आहेत.

या अडचणीवर महाराष्ट्रात काम झालेले आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने ‘कॉपकॉर्ड’ हे घरोघरी जाऊन करायचे सर्वेक्षण केले. त्यात चार हजारांहून अधिक प्रौढांना हाडे, सांधे, स्नायू यांच्या दुखण्याबद्दल विचारले गेले आणि सुमारे १८ टक्क्यांनी तक्रार असल्याचे सांगितले. याच गटाच्या पुण्यातील संधिवात केंद्राने ‘वूमॅक’ची भारतीय राहणीला जुळवलेली आवृत्ती उपचारांच्या चाचण्यांत वापरली. ‘हॅक’ची १२ प्रश्नांची भारतीय आवृत्ती २००२ मध्ये दिल्लीहून प्रसिद्ध झाली. जमिनीवर बसणे-उठणे अशा आवृत्त्यांतून मोजणीत आले.

मात्र येथे एक पेच आहे, आणि तो लपवून चालत नाही. प्रश्न बदलले की परदेशी अभ्यासांशी थेट तुलना करता येत नाही. न बदलले तर स्थानिक रुग्णाचे खरे दुखणे हातातून निसटते. दोन्हीकडचे मुद्दे खरे असले तरी पारडे रुग्णाच्या बाजूला झुकले पाहिजे, कारण चुकीच्या गोष्टीचा जगाशी जुळणारा आकडा कोणाच्याच कामाचा नाही. फक्त बदललेल्या प्रश्नावलीला जुनेच नाव देऊन जुन्याच पुराव्यावर चालवणे बंद झाले पाहिजे. ती नवी प्रश्नावली असते आणि तिची तपासणी नव्याने करावी लागते.

भाषांतराची पद्धतही ठरलेली आहे. २००५ मध्ये ‘इस्पॉर’ या संस्थेच्या कार्यगटाने ती नोंदवली. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचे, ती दोन्ही जुळवून एक करायची, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्याने ते पुन्हा मूळ भाषेत आणायचे, फरक तपासायचे आणि मग प्रत्यक्ष रुग्णांकडून वाचून घ्यायचे. शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वेळा गाळली जाणारी. रुग्णाला प्रश्न वाचून दाखवून ‘यात काय विचारले आहे असे वाटते?’ एवढेच विचारायचे असते. निदान सात रुग्णांशी असे बोलणे झाले तर कॉस्मिन ते पुरेसे मानते. पर्यायांचीही अशीच परीक्षा होते. ‘क्यूएलक्यू-सी३०’मधील बहुतेक प्रश्नांना ‘मुळीच नाही’पासून ‘खूप’पर्यंत चार पायऱ्या आहेत. मधल्या दोन पायऱ्यांत कोणती जास्त, यावर रुग्णांचे एकमत नसेल तर बेरजेला अर्थ राहत नाही. चार पर्याय उलटसुलट वाचून दाखवून रुग्णाला क्रम लावायला सांगितले की हे तिथल्या तिथे कळते. मुंबई-पुण्याच्या प्रमाण मराठीत बेतलेली आवृत्ती वऱ्हाडी बोलणाऱ्याला तशीच समजेल, हे गृहीत धरायची गोष्ट नाही.

मराठीत या पायऱ्यांवरून गेलेल्या प्रश्नावल्या आहेत. डोके व मान यांच्या कर्करोगासाठीच्या ईओआरटीसी प्रश्नावल्यांची हिंदी व मराठी आवृत्त्यांतील तपासणी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातून २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तंबाखूमुळे होणारे तोंडाचे कर्करोग महाराष्ट्रात किती आहेत हे पाहता निवड अगदी योग्य होती. ऑस्वेस्ट्री निर्देशांकाच्या मराठी आवृत्तीची विश्वसनीयता व सप्रमाणता २०१३ मध्ये ‘स्पाइन’ या नियतकालिकात आली.

आशयानंतर रचना येते. दहा प्रश्नांची बेरीज करायची तर ते दहा प्रश्न एकाच गोष्टीची दहा अंगे असली पाहिजेत. घटक-विश्लेषणाने ते पाहतात. त्यानंतर अंतर्गत सुसंगती, म्हणजे १९५१ मध्ये ली क्रॉनबाख यांनी मांडलेला अल्फा. तो ०.७० किंवा जास्त असावा असा दंडक आहे, आणि मराठी प्रबंधांत बहुतेक वेळा एवढाच आकडा देऊन ‘प्रश्नावली विश्वसनीय आहे’ असे लिहून मोकळे होतात. हा आकडा फसवा आहे. ‘चालताना दुखते का’, ‘पायी जाताना दुखते का’, ‘चार पावले टाकली की दुखते का’ असे तीन प्रश्न विचारले की अल्फा छान वर जातो, माहिती मात्र एकाच प्रश्नाची मिळते. ०.९५ च्या वरचा अल्फा म्हणूनच कौतुकापेक्षा शंकेचा विषय असतो. शिवाय मळमळ, केस गळणे, जुलाब अशा लक्षणांच्या यादीत एक असले की दुसरे असलेच पाहिजे असे काही नसते; तिथे अल्फा काढणेच गैरलागू आहे.

खरी विश्वसनीयता पुन्हा विचारण्यातून कळते. ज्याचे दुखणे बदललेले नाही अशा रुग्णाला साधारण दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली दिली तर आकडा तोच येतो का? एवढे अंतर अशासाठी, की आधीची उत्तरे आठवू नयेत आणि दुखणेही फार बदलू नये. जुळणीचा गुणांक ०.७० च्या वर असावा. तो चांगला असला तरी काम संपत नाही, कारण रोज तेच चुकीचे वजन दाखवणारा काटाही विश्वसनीय ठरतो.

डॉक्टरच्या दृष्टीने गुणांकापेक्षा मापनातील चूक अधिक उपयोगी. एका प्रश्नावलीची प्रमाण-चूक १०० पैकी ४ गुण आहे असे समजू. दोन वेळच्या मोजणीत दोन्हीकडे चूक असते, म्हणून ४ ला २.७७ ने गुणावे लागते आणि उत्तर सुमारे ११ येते. याहून लहान बदल एका रुग्णात दिसला तर तो खरा की मोजणीचा हेलकावा, हे सांगता येत नाही. आता ऑस्वेस्ट्री निर्देशांकात १० गुणांची सुधारणा रुग्णाला जाणवण्याजोगी मानली जाते. वरची चूक या निर्देशांकाची असती, तर रुग्णाला जाणवणारा बदल प्रश्नावलीला निश्चितपणे टिपता आला नसता. शंभर रुग्णांच्या सरासरीत ही चूक दहापटीने घटते, म्हणून संशोधनाला चालणारी प्रश्नावली बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाचा निर्णय घ्यायला चालेलच असे नाही. हा फरक फार थोड्या ठिकाणी पाळला जातो.

निकषाशी तुलना करण्याची सोय या क्षेत्रात जवळपास नाही, कारण दुखण्याची ‘खरी’ किंमत सांगणारे दुसरे यंत्र नाही. लांब प्रश्नावलीची छोटी आवृत्ती केली तर लांब आवृत्तीला निकष मानता येते, इतकेच. एरवी गृहीतके आधी लिहून ठेवून तपासावी लागतात : गुडघ्याचा आकडा चालण्याच्या प्रश्नावलीशी इतका तरी जुळावा, नैराश्याशी त्याहून कमी जुळावा, शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्यांत तो अधिक वाईट असावा. निदान ७५ टक्के गृहीतके खरी ठरावीत. ‘आधी’ या शब्दावर भर द्यायला हवा. निकाल हाती आल्यावर सुचलेले गृहीतक नेहमीच खरे ठरते.

भिन्न समाजांत प्रश्नावली सारखीच वागते का, हा सेन यांच्या आक्षेपाला दिलेला संख्याशास्त्रीय प्रतिसाद म्हणता येईल. सारख्याच तीव्रतेचे दुखणे असलेले पुण्याचे आणि वाशिमचे रुग्ण घेऊन एखाद्या प्रश्नाला ते वेगळे उत्तर देतात का, ते पाहतात. ‘लांब फेरी मारताना त्रास होतो का?’ या प्रश्नावर पुणेकर सकाळच्या फिरण्याचा विचार करील. रोज शेतापर्यंत पायी जाणाऱ्याला ‘फेरी’ म्हणजे काय, इथूनच अडचण. ऑस्वेस्ट्री निर्देशांकातील लैंगिक जीवनाचा विभाग अनेक समाजांत कोराच राहतो. गुणांकनात एक विभाग सुटला तर ५० ऐवजी ४५ ने भागायची मुभा आहे, त्यामुळे आकडा तयार होतो. पण कोण कोरा सोडते आणि का, हे न पाहता भागाकार केला तर बायकांचे आणि पुरुषांचे आकडे वेगवेगळ्या प्रश्नांवर आधारलेले असतात.

बदल टिपण्याची क्षमता म्हणजे काळाच्या ओघातली सप्रमाणता. रुग्ण बरा झाला तर आकडा सुधारला पाहिजे, जैसे थे राहिला तर हलू नये. पंधरा टक्क्यांहून अधिक रुग्ण पहिल्याच दिवशी सर्वांत चांगला किंवा सर्वांत वाईट आकडा देत असतील, तर त्यांच्यात पुढे जायला किंवा मागे यायला जागाच उरत नाही. वऱ्हाडात हे घडण्याचे एक सामाजिक कारणही असते. समोर डॉक्टर किंवा आशाताई बसलेली असताना ‘बरं हाय’ म्हणणे हा शिष्टाचार आहे. बरोबर आलेली सून सासूच्या वतीने उत्तरे देऊ लागली तर व्याख्येतली पहिलीच अट मोडते. कागदावर स्वतः भरायला केलेली प्रश्नावली निरक्षर रुग्णाला वाचून दाखवली, तर ती मूळ प्रश्नावलीपेक्षा वेगळी ठरू शकते. विचारण्याची ही पद्धत प्रत्येक अभ्यासाने नोंदवली पाहिजे. बहुतेक नोंदवत नाहीत.

प्रश्नावलीची पारख करणाऱ्याला तिच्यावरच्या अभ्यासांचीही पारख करावी लागते. २०१८ मध्ये सुधारलेली कॉस्मिनची तपासयादी प्रत्येक अभ्यासाला ‘फार चांगला’, ‘पुरेसा’, ‘शंकास्पद’ आणि ‘अपुरा’ अशा चार श्रेणी देते. एका गुणधर्माच्या सगळ्या बाबींत जी सर्वांत खालची श्रेणी मिळेल तीच त्या अभ्यासाची श्रेणी धरली जाते. नियम कडक आहे आणि त्यावर टीकाही झाली. पण नऊ बाबी उत्तम आणि नमुना फक्त वीस रुग्णांचा असेल, तर सरासरी काढून त्याला बरा म्हणणे जास्त धोक्याचे.

आरोग्याच्या सरकारी खर्चाचे निर्णयही आता या आकड्यांवर उभे राहतात. ‘इक्यू-५डी’ या प्रश्नावलीत हालचाल, स्वतःची काळजी, नेहमीची कामे, वेदना आणि चिंता-नैराश्य असे पाचच प्रश्न आहेत. कोणत्या स्थितीला किती किंमत द्यायची, हे त्या त्या देशातल्या लोकांना विचारून ठरवतात. भारतासाठी हे मूल्यमापन पाच राज्यांतल्या ३,५४८ प्रौढांकडून करून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर भारतीय रुग्णांच्या आयुष्याची किंमत परदेशी लोकांच्या पसंतीने ठरत होती.

वाशिममध्ये २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे आणि अकोल्याचे त्याआधीपासून आहे. तिथल्या शोधनिबंधांत आणि प्रबंधांत अशा प्रश्नावल्या यापुढे अधिकाधिक वापरल्या जातील. निवड करणाऱ्याने प्रश्नावलीची परवानगी लागते का ते पाहावे, मराठी आवृत्ती कोणत्या रुग्णांवर तपासली गेली ते मूळ निबंधात वाचावे, आणि अल्फाकडे वळण्याआधी आपल्या भागातल्या सात-आठ रुग्णांना प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावेत. बाह्यरुग्ण विभागातली एक दुपार त्याला पुरते.